सकाळचा फेरफटका, पाळीव कुत्रा आणि पक्षी

(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर निपाणी येथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. शहरातील एक नोकरदार माणूस सकाळी कुत्र्याला घेऊन बागेत फिरावयास जातो, तेथे झाडावरचे पक्षी पाहतो आणि त्यावर निपाणीस येऊन भाषण करतो, ही गोष्ट शेतकऱ्याला गमतीची वाटणे स्वाभाविक आहे. तुमच्या बांधावर कुत्रा आपणहून येतो आणि पक्षी तर न बोलावता येतात. जोंधळा निसवला की भोरड्यांचे थवे उतरतात व गोफण हाती घ्यावी लागते. पावशा ओरडू लागला की तो ‘पेरते व्हा’ असे सांगतो आहे, हे तुमच्या घरातील लहान मूलही जाणते. तुम्हाला पक्ष्यांची ओळख करून देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मी सांगणार आहे ती माझ्या हातून झालेली एक चूक, आणि त्या चुकीतून मी जे शिकलो ते. ही चूक शहरात झाली, पण ती कोणत्याही गावाच्या माळावर, कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून ती सांगण्याचे धाडस करीत आहे.

मी बेळगावचा रहिवासी. टिळकवाडीकडच्या लोकांना व्हॅक्सिन डेपोचे विस्तीर्ण आवार परिचयाचे आहे. विसाव्या शतकात देवीची लस तयार करणारी संस्था येथे होती. साठच्या दशकात देशभर देवीनिर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तेव्हा ज्या मोजक्या ठिकाणी तिच्यासाठी शुष्क लस तयार होत असे त्यांत बेळगावचे नाव होते. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, परंतु त्या निमित्ताने राखलेली जुनी झाडी व गवताळ मोकळी जागा मागे उरली. आज शेकडो नागरिक तेथे सकाळी फिरावयास येतात. भर शहरात मोर पाहावयास मिळावा, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्यास आले आहे. ते बेळगावला लाभले आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी वैद्यांनी मला रोज सकाळी भरभर चालण्याचा सल्ला दिला. सोबतीला आमचा मोती असे. मोती हा कोणत्याही नामांकित जातीचा नव्हे. निपाणीजवळच्याच एका खेड्यातून, माझ्या मावशीच्या गोठ्यातून आणलेले ते पिलू. आवारात शिरल्याबरोबर मी त्याची साखळी सोडीत असे. मी घड्याळाकडे पाहत चालावे आणि मोतीने गवतातून मनसोक्त धावावे, असा आमचा क्रम होता. कुत्र्याला मोकळे सोडणे म्हणजे त्याच्यावर प्रेम करणे, अशी माझी त्या वेळी प्रामाणिक समजूत होती.

चैत्र महिन्यातील एका सकाळी एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. टिटवीचे ओरडणे अशुभ मानण्याची आपल्याकडे रीत आहे. रात्री टिटवी ओरडली तर घरातील वडील माणसे अस्वस्थ होतात. मी पदवीधर असूनही माझ्या मनात क्षणभर तोच विचार आला आणि मी पाऊल उचलले. इतक्यात झाडाखाली बसलेले एक वृद्ध गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “साहेब, कुत्र्याला धरा ओ तुमच्या! अंडी असतील तिची तिथं.”

मी वळून पाहिले. मोती गवत विरळ झालेल्या एका खडकाळ जागी नाक खाली घालून उभा होता. मी धावत गेलो, पण उशीर झाला होता. जमिनीवर बोटभर खोलीचा एक खळगा, त्याच्याभोवती मांडलेले बारीक खडे, आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळसर ठिपक्यांची चार अंडी. त्यांतील तीन फुटली होती. चौथे शाबूत होते, परंतु खळग्याबाहेर घरंगळले होते. मोतीने ती खाण्यासाठी फोडली नव्हती. त्याचा पाय पडला असावा. तो माझ्याकडे शेपूट हलवीत पाहत होता. एकीऐवजी आता दोन टिटव्या आमच्यावर झेप घेत होत्या.

इंग्रजांच्या कानाला टिटवीच्या ओरडण्यात ‘डिड ही डू इट’ असे शब्द ऐकू येत, हे मी पुढे एका पुस्तकात वाचले. ‘हे त्याने केले काय?’ असा त्याचा अर्थ. ते वाचताना मला ती सकाळ आठवली. कुत्र्याने काहीच केले नव्हते. साखळी माझ्या हातात होती आणि ती मी सोडली होती.

त्या वृद्ध गृहस्थांनी मला नंतर बऱ्याच गोष्टी सांगितल्या. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे होऊन जातील अशी अंडी घालते. नर व मादी दोघे मिळून ती सुमारे चार आठवडे उबवतात. ऐन उन्हाळ्यात अंडी तापू नयेत म्हणून हे पक्षी पाण्यात पोट भिजवून येतात व त्या ओलाव्याने अंड्यांना गारवा देतात. उबवण्यापेक्षा निववण्याचेच काम त्यांना दुपारी अधिक असते. कुत्रा, मुंगूस वा माणूस जवळ आला की दोघेही आकांत करतात. रात्री टिटवी ओरडते तीही बहुधा अशाच कारणाने, कोणीतरी तिच्या पिलांच्या वाटेवर आलेले असते. ज्या आवाजाला आपण पिढ्यान्‌पिढ्या अपशकुन समजलो, ती एका आईची हाक असते. टिटवीनेही समुद्र आटवला, अशी म्हण आपल्याकडे आहे. अंड्यांसाठी समुद्राशी वैर धरणाऱ्या त्या पक्षिणीची कथा आपण मुलांना सांगतो, आणि तीच टिटवी अंगणाबाहेर ओरडली तर तिला हाकलून लावतो.

दुसऱ्या दिवसापासून मोतीची साखळी सुटली नाही, आणि येथून माझ्या शिक्षणास प्रारंभ झाला.

कुत्र्याला साखळीने बांधून जो कोणी फिरला असेल त्यास ठाऊक आहे की, माणूस कुत्र्याला फिरवीत नाही, कुत्राच माणसाला फिरवतो. मोती दर झाडाशी थांबे. एकेका बुंध्याशी, एकेका दगडाशी त्याचे मिनिट-दोन मिनिटे काम असे. वैद्यांनी सांगितलेले भरभर चालणे संपले. प्रथम मी चिडत असे. मग हातावर हात ठेवून उभे राहण्यापेक्षा वर पाहावे, असे वाटू लागले. वर पाहिले तेव्हा लक्षात आले की, ज्या वाटेने मी दोन वर्षे चालत होतो ती वाट मी पाहिलीच नव्हती.

एका वडापाशी मोती नेहमी थांबे. त्या वडात ‘टुक टुक’ असा ठोक्याचा आवाज होई. जवळपास कोठे तांब्याची भांडी ठोकण्याचे काम चालू असावे, असे मला वाटत आले होते. ते काम करणारा कारागीर चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर व छातीवर तांबडा ठिपका असलेला तांबट पक्षी निघाला. वाळक्या फांदीला भोक पाडून तो आत संसार थाटतो. त्याच वडाच्या फळांवर थंडीत एके दिवशी हिरवट-पिवळ्या कबुतरांचा थवा दिसला. पानांत ते असे मिसळून गेले होते की एक उडाले तेव्हा बाकीचे पंधरा दिसले. हा हरियाल होय. कोकीळ गातो तो नर, काळाभोर. अंगभर ठिपके असलेली त्याची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. एका ढोलीत पिंगळ्यांचे जोडपे दिवसाही तोंड काढून बसलेले असे आणि मोतीकडे मान वाकडी करून पाही. दयाळ, नाचण, कोतवाल, वेडा राघू, शिंजीर, हळद्या, हुप्पू, एक ना दोन! पहिल्या वर्षाअखेर माझ्या वहीत चाळीसहून अधिक नावे झाली. यांतला एकही पक्षी दुर्मीळ नव्हता. सारे तेथेच होते. थांबत नव्हतो तो मी.

मोतीकडूनही मी काही शिकलो. सातभाईंचा घोळका जमिनीवर पाने उलथीत असतो. कुत्रा दिसताच ते एकदम कलकलाट करून खालच्या फांद्यांवर चढतात. हाच कलकलाट कुत्रा शांतपणे शेजारी बसलेला असताना ऐकू आला, तर समजावे की दुसरे काही आले आहे. मग वर पाहिले की बहुधा शिक्रा दिसतो, नाहीतर बुंध्याशी साप किंवा मुंगूस असते. कुत्र्याचे कान ज्या दिशेला वळतात त्या दिशेला माणसाने डोळे वळवावेत. आपल्याला ऐकू न येणारी पाचोळ्यातील खसखस त्याला ऐकू येते.

कुत्रा आणि पक्षी यांचा अभ्यासाशी संबंध आपल्या भागात नवा नाही. अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव येथील पक्ष्यांची यादी १८७६ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर बेळगावच्या छावणीत असलेले कॅप्टन बटलर यांनी १८७९ च्या सुमारास येथील घरट्यांच्या व अंड्यांच्या तपशीलवार नोंदी केल्या आणि १८८१ साली दख्खन व दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची सूची छापली. या दोन्ही याद्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आल्या. त्याचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब ते हेच. बेळगावच्या टिटवीने कोणत्या महिन्यात अंडी घातली, हे दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी वहीत टिपून ठेवीत होते, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

परंतु त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. पक्षी मारावा, त्याची कातडी पेंढा भरून ठेवावी, अंडी उचलून आणावीत, ही त्या शास्त्राची रीत होती. शिकाऱ्याबरोबर कुत्रा असे तो झुडपातील पक्षी उठवण्यासाठी व पडलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी. डॉ. सालिम अली यांचीही सुरुवात अशीच झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीचा गळा पिवळा दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारावयास तो मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे सचिव मिलर्ड यांच्याकडे गेला, आणि त्या एका प्रश्नातून एक थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला. पुढे त्यांच्या १९४१ सालच्या पुस्तकाने हजारो सामान्य माणसांच्या हाती बंदुकीऐवजी दुर्बीण दिली. मारुती चितमपल्ली हे तर शासनाच्या वनखात्यातील नोकर. रानातील माणसांच्या तोंडून पक्ष्यांची नावे गोळा करून त्यांनी मराठीला पक्षिकोश दिला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जून २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा शेजारच्या महाराष्ट्र राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

तात्पर्य, बंदूक गेली आणि दुर्बीण आली. माणसाने आपली रीत बदलली. कुत्र्याची रीत मात्र कोणी बदलली नाही. तो अजूनही झुडपातून पक्षी उठवतो, कारण त्याच्या रक्तात ते आहे. धनगराचा कुत्रा मेंढ्या राखतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा हलणारी वस्तू दिसताच वाऱ्यासारखा सुटतो. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, इतकी त्याची कीर्ती आहे. अशा जनावराला माळावर मोकळे सोडून ‘तो काही करीत नाही हो’ असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. दत्तगुरूंच्या पायाशी श्वान बसलेले आहेत, धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही आपल्या कुत्र्याला अंतर दिले नाही. कुत्र्यावर प्रेम करण्यास आपल्या संस्कृतीत कोठेही आडकाठी नाही. परंतु प्रेमाबरोबर जबाबदारीही येते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे मला भाग आहे. साखळी बांधली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मी काही वर्षे मानीत होतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराजवळच्या झाडीत दोन संशोधकांनी नव्वद ठिकाणी केलेली एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. साखळीने बांधलेला कुत्रा घेऊन माणूस वाटेवरून गेला असता तेथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जातींत ३५ टक्के आणि एकूण संख्येत ४१ टक्के घट आढळली. माणूस एकटाच गेला तर परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. विशेष म्हणजे, जेथे कुत्रे रोज फिरविले जातात तेथील पक्षीही कुत्र्याला सरावलेले आढळले नाहीत. सर्वांत अधिक घट जमिनीलगत वावरणाऱ्या पक्ष्यांत होती. तेथील रान निराळे आणि आपले निराळे, हे मान्य. तरी ते वाचल्यापासून मी मोतीला साखळीसह देखील गवतात नेत नाही. आम्ही दोघे आखलेल्या वाटेनेच जातो. गवताकडचे पक्षी पाहावयाचे असतील तर रविवारी मी एकटा जातो.

आता कोणी विचारील की, चार अंड्यांचे एवढे काय? आपल्या देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा एक व्यापक अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर तो आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल निश्चित करता आला त्यांपैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि अवघ्या ३६ वाढल्या. उघड्या माळावर, गवतात व शेतशिवारात राहणाऱ्या पक्ष्यांना या घसरणीची झळ अधिक लागली आहे. टिटवी आज विपुल आहे. परंतु तिच्याचसारखे जमिनीवर अंडी घालणारे तित्तिर, लावे, चंडोल हेही त्याच माळावर असतात, आणि मोकळा कुत्रा त्यांत भेद करीत नाही. लांडोरीचे घरटेही जमिनीवरच असते.

या संदर्भात आपल्या सीमाभागाची एक गंमत सांगतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि कर्नाटकाचा नीलकंठ. आपल्या या टापूत वडावर हरियाल बसतो आणि माळावरच्या तारेवर नीलकंठ. मोर तर १९६३ पासून साऱ्या देशाचाच. येथील मूल चिमणीला घरी चिमणी म्हणते व शेजारी गुब्बी ऐकते, मोराला नविलु आणि पोपटाला गिळी म्हणणारे मित्र त्याला वर्गात भेटतात. एकाच पक्ष्याची दोन नावे जन्मापासून कानी पडावीत, हे आपल्या मुलांचे वैभवच आहे. परंतु वर सांगितलेल्या अहवालात मोर वाढत असल्याचे म्हटले आहे, तर दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो तो नीलकंठ घटत असून त्याच्या स्थितीची पुन्हा तपासणी व्हावी, अशी शिफारस आहे. नीलकंठ माळावरचे टोळ, किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचेच काम करतो. तो दसऱ्यापुरता आठवावा आणि वर्षभर विसरावा, हे बरे नव्हे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

कुत्रा पाळणाऱ्यांना माझी विनंती आहे की, उद्यानात, तलावाकाठी वा माळावर साखळी सोडू नये व ती हातभरच सैल ठेवावी. फाल्गुनापासून श्रावणापर्यंत जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम असतो. त्या काळात कुत्र्याला गवतात मुळीच नेऊ नये. टिटवी डोक्यावर ओरडू लागली तर थांबून शोध घेऊ नये, आल्या वाटेने मागे फिरावे. घरटे शोधणे, त्याचे छायाचित्र घेणे याने कावळ्याला वाट दाखविल्यासारखे होते. कुत्र्याला रेबीज प्रतिबंधक लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी आणि त्याची घाण कागदात उचलून न्यावी. हे पक्ष्यांसाठी नव्हे, तर त्याच गवतावर खेळणाऱ्या आपल्या मुलांसाठी. उद्यानात भाकरी, भात टाकून पुण्य जोडू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, त्या अन्नावर भटकी कुत्री व कावळे जमतात आणि दोघेही अंडी सोडीत नाहीत.

अधिकारी मित्रांना सांगावयाचे ते असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तीत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे व घरटी विस्कटणे याचाही समावेश आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. उद्यानाच्या फलकावर ‘फुले तोडू नये’ या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिण्यास खर्च येत नाही. गवत कापण्याचे काम ऐन उन्हाळ्यात काढू नये. सारे उद्यान एकसारखे गुळगुळीत न करता एखादा कोपरा रानवट ठेवावा. धोका नसेल तेथील वाळकी फांदी राहू द्यावी, कारण तांबटाचे व पिंगळ्याचे घर त्यातच असते. कुत्र्यांसाठी एक वाट आखून द्यावी, म्हणजे बंदी घालण्याची वेळ येणार नाही.

शिक्षकांना मात्र मी विनंती नव्हे, आग्रह करीन. निपाणीच्या जवाहर तलावाकाठी वंचक आणि खंड्या कोणालाही दिसतील. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. एक वही पुरे. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, असे पाच रकाने आखावेत. नाव ठाऊक नसेल तर घरी आजीला विचारावयास सांगावे. आजीला ठाऊक असलेले मराठी वा कन्नड नाव तसेच लिहावे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते. २०१३ पासून भारतही तीत सहभागी आहे. किमान पंधरा मिनिटे पक्षी मोजणे, एवढाच तिचा नियम. आपल्या गावच्या शाळेची नोंद तीत जावी. ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांनी थंडीत मुलांना गोकाक तालुक्यातील धुपदाळच्या बंधाऱ्यावर न्यावे. तेथे १९७४ पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे आणि हजारो मैलांवरून आलेले करकोचे तेथे उतरतात. पण सुरुवात मात्र शाळेच्या कुंपणापासूनच करावी.

शेवटी त्या चौथ्या अंड्याविषयी. त्या वृद्ध गृहस्थांच्या सांगण्यावरून मी ते दोन काटक्यांनी अलगद खळग्यात सरकविले, मोतीला आवळून धरले आणि आम्ही दूर झाडाखाली जाऊन बसलो. बराच वेळ गेला. मला कचेरीस उशीर झाला. एक टिटवी खाली उतरली, इकडे-तिकडे पाहत, मध्येच थांबत खळग्यापाशी आली आणि त्या एका अंड्यावर बसली. त्यातून पिलू निघाले की नाही, हे पाहावयास मी पुन्हा त्या जागी गेलो नाही. तिकडे जावयाचे नाही, एवढेच मला त्या दिवशी कळले होते.

मोती आता थकला आहे. तो पूर्वीहून अधिक वेळ थांबतो आणि म्हणून मला पूर्वीहून अधिक पक्षी दिसतात. उद्या सकाळी आपणही आपल्या कुत्र्याला घेऊन बाहेर पडाल तेव्हा साखळी हातात असू द्या, आणि तो थांबेल तेथे आपणही थांबून एकदा वर पाहा, ही विनंती.